रोड बाइकचे ब्रेक पॅड: दोन पावसाळे आणि एक रिम गमावल्यानंतर

माझ्या रोड बाइकच्या मागच्या चाकाची ॲल्युमिनियमची रिम दोन पावसाळ्यांत झिजून संपली, आणि ती संपवण्याचे काम रस्त्यावरच्या खड्ड्यांनी नव्हे, तर ब्रेकच्या रबराने केले. रत्नागिरी शहरात रोज कामावर जाणे-येणे आणि रविवारी शिरगाव, काळबादेवी, आरे, वारे, नेवरे असे करत गणपतीपुळ्यापर्यंतची फेरी, एवढाच माझ्या सायकलचा वापर आहे. शर्यती नाहीत की शेकडो किलोमीटरच्या मोहिमा नाहीत. तरीही रिम बदलून चाक पुन्हा विणून घ्यावे लागले तेव्हा जो खर्च आला, त्यात उत्तम पॅडच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या. मूळचे धरून आजवर चार प्रकारचे पॅड या सायकलवर चढले, आणि त्यांतला कोणता कशासाठी घ्यावा याबद्दल माझे मत आता बऱ्यापैकी पक्के झाले आहे. कोकणात पॅड निवडताना तो किती जोरात पकडतो हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे आणि तो रिमचे काय करतो हे आधी पाहावे, असे ते मत आहे.

येथे लिहिले आहे ते रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या रिमवरच रबर दाबून थांबवणारे ब्रेक, आणि ॲल्युमिनियमच्या रिम असलेल्या सायकलींपुरते आहे. नव्या रोड बाइक बहुतेक डिस्क ब्रेकच्या येतात. परंतु रिम ब्रेकवाल्या जुन्या सायकली अजून भरपूर चालू आहेत, आणि त्या नीट सांभाळल्या तर टाकून देण्याचे काहीच कारण नाही.

आपल्याकडे पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो आणि त्यानंतर सप्टेंबर सरेपर्यंत रस्ता क्वचितच पूर्ण वाळतो. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले तर परदेशी परीक्षणांत ‘पावसातही चांगले’ असे जे लिहिलेले असते, ते कोणत्या पावसाबद्दल असावे असा प्रश्न मनात येतोच. मात्र पाण्याने रिमचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते पाण्याबरोबर येणाऱ्या जांभ्याच्या मातीने. जांभा हा लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड आहे, त्याचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडाचाच, आणि त्याचे बारीक कण रिमच्या धातूपेक्षा कठीण असतात. चिरेखाणीतून निघालेले ट्रक डांबरी रस्त्यावर येतात त्या ठिकाणी टायरांबरोबर आलेली माती पहिल्या सरीत तांबडा राप होऊन पसरते, आणि त्यावरून सायकल गेली की पुढचे चाक तो राप उडवून थेट मागच्या रिमवर नेऊन टाकते. त्यानंतर ब्रेक दाबणे म्हणजे पाट्यावर वाटण वाटण्यासारखे आहे: खाली रिम, वर रबर, मध्ये ओली रेव, आणि दाब आपण स्वतः देतो. समुद्राकाठच्या वाळूचा त्रास त्या मानाने कमी, कारण ती जाड असते आणि बरीचशी झटकून पडते. मिठाचा त्रास वेगळा आहे, त्याकडे पुढे येईन.

सायकलबरोबर आलेले मूळ पॅड कोणी बनवले होते हे येथे महत्त्वाचे नाही. ते काळे, कडक आणि एकसंध रबराचे होते, आणि कोरड्या रस्त्यावर त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. पहिल्या पावसाळ्यात ब्रेक दाबल्यावर खर्र असा आवाज येऊ लागला. तो पावसाचा आवाज आहे असे समजून मी दोन महिने तशीच सायकल चालवली, हा माझा निव्वळ आळस. पुढे एका रविवारी पॅड काढून वर्तमानपत्रावर ठेवले आणि उजेडात पाहिले तेव्हा रबरात चकचकीत ठिपके दिसले. सेफ्टी पिनेने उकरल्यावर त्यातून भाताच्या तुसाएवढ्या धातूच्या चकत्या निघाल्या. ते रस्त्यावरचे लोखंड नव्हते. ती माझीच रिम होती. रेवेचा एखादा कण रबरात रुततो, तो रिमवर ओरखडा काढतो, ओरखड्यातून सुटलेला ॲल्युमिनियमचा कपचा त्याच रबरात जाऊन बसतो, आणि मग तोही रिम कापू लागतो. कडक आणि जुन्या रबरातून हे कपचे आपोआप सुटत नाहीत. एकदा ही साखळी सुरू झाली की प्रत्येक ब्रेकबरोबर ती वेग घेते.

सायकलच्या दुकानात मी नवे पॅड मागितले, तर तिथल्या वयस्क काकांनी चाक फिरवले, रिमच्या कडेवरून अंगठ्याचे नख आडवे ओढले आणि म्हणाले, “अगं, पॅड काय बदलतेस? रिमच गेली तुझी.” त्यांनी पोलादी पट्टीची धार रिमच्या घासल्या जाणाऱ्या भागावर टेकवून चाक उजेडाकडे धरले, पट्टी आणि रिम यांच्यामध्ये मोठ्या फटीतून प्रकाश येत होता. ही तपासणी प्रत्येकाने घरी करावी. बऱ्याच रिमवर झीज ओळखण्यासाठी लहानसा खळगा किंवा बारीक खाच कोरलेली असते, आणि ती दिसेनाशी झाली की रिम बदलायची असते. ज्या रिमवर तशी खूण नाही तिची भिंत साधारण एक मिलिमीटरच्या खाली आली की तिच्यावर विश्वास ठेवू नये, कारण रोड बाइकच्या टायरमध्ये ऐंशी ते शंभर पीएसआय हवा असते आणि ती भिंतीला सतत बाहेर ढकलत असते. पातळ झालेली भिंत फुटते तेव्हा आधी सूचना देत नाही.

नवे पॅड घेताना सर्वांत आधी ठरवायचे ते होल्डरचे. स्वस्त पॅडमध्ये रबर, धातूची पट्टी आणि बोल्ट एकत्रच ओतलेले असतात; रबर झिजले की सगळेच फेकायचे. दुसऱ्या पद्धतीत ॲल्युमिनियमचा होल्डर कायम राहतो आणि त्यातले रबर, ज्याला इन्सर्ट म्हणतात, तेवढे सरकवून बदलता येते. माझ्या मते कोकणात दुसऱ्या पद्धतीला पर्याय नाही, कारण येथे ऋतूप्रमाणे रबर बदलणे शहाणपणाचे ठरते आणि दर वेळी पॅडचा कोन नव्याने जुळवत बसण्याचा कंटाळा केला की काम अर्धवट होते. होल्डर एकदाच विकत घ्यावा लागतो. तो शिमानो या सायकलचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या आकाराचा घ्यावा. एसराम आणि टेक्ट्रो या दुसऱ्या कंपन्यांच्या बऱ्याच रोड ब्रेकनाही त्याच आकाराचे इन्सर्ट चालतात, मात्र कॅम्पॅग्नोलोचा आकार वेगळा आहे. एमटीबी (माउंटन बाइक) किंवा हायब्रिड सायकलीच्या व्ही-ब्रेकचे पॅड रोड बाइकच्या पॅडपेक्षा बरेच लांब असतात आणि ते येथे बसत नाहीत, तरी दुकानात ‘ब्रेकचे रबर’ एवढेच सांगितले तर हमखास तेच हातात पडतात.

एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ॲल्युमिनियमऐवजी कार्बन रिमचे पॅड पाठवले होते. बाहेरच्या पिशवीवर योग्य नाव, आत वेगळीच वस्तू. परत पाठवण्यात तीन आठवडे गेले आणि तोपर्यंत जुलै संपला. कार्बनसाठीचे रबर वेगळ्या मिश्रणाचे असते आणि ते ॲल्युमिनियमवर लावू नये. उलट प्रकार तर अधिक घातक, कारण ॲल्युमिनियमवर वापरलेल्या पॅडमध्ये अडकलेले धातूचे कपचे कार्बनची महागडी रिम खरवडून काढतात. पाकीट उघडण्याआधी त्यावरची अक्षरे वाचावीत. रबर ताजे आहे की नाही हेही पाहावे: नख दाबले तर किंचित खाच पडून भरून यायला हवी. वर्षानुवर्षे पडून राहिलेला माल कडक होतो, आणि वर चकाकी आलेली असेल तर तो घेऊच नये.

होल्डर घेण्याआधी मी एक स्वस्त, नाव सांगण्यासारखे नसलेले एकसंध पॅड वापरले होते. एका वाक्यात सांगायचे तर ते मूळ पॅडचेच भावंड निघाले, आणि दुसरा पावसाळा संपता संपता त्यांनी उरलेली रिम संपवली.

नव्या रिमवर पहिल्यांदा बसवले ते शिमानोचे आर ५५ सी ४. ॲल्युमिनियमच्या रिमसाठीचा हा इन्सर्ट सहज मिळणारा आहे, होल्डरसह किंवा नुसता, दोन्ही प्रकारे येतो, आणि डावा-उजवा कोणता हे त्यावर लिहिलेले असते. ऑक्टोबर ते मे या काळासाठी याहून जास्त काही हवे असे मला वाटत नाही. आरेवारेच्या उतारावर, जिथे वरून समुद्र दिसू लागतो आणि नजर नेमकी तिकडे जाते तिथेच वळण येते, तिथे हे पॅड लिव्हर जितका दाबावा तितकेच पकडतात. एकदम झटका बसत नाही, दोन बोटांनी वेग मोजूनमापून कमी करता येतो. पाऊस असतानाही ते थांबवतात. फक्त रिमवरचे पाणी पुसले जाईपर्यंत चाकाचे काही फेरे रिकामे जातात आणि मग पकड येते. हा दोष पॅडचा नाही, रिम ब्रेकचाच आहे, आणि ज्याला हे ठाऊक आहे तो वळणाच्या बराच आधी ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घेतो.

पावसाळ्यासाठी मात्र मी आता कूल-स्टॉपच्या सालमन रंगाच्या इन्सर्टखेरीज दुसरे काही वापरत नाही. ही अमेरिकी कंपनी आहे, आणि तिचे हे मिश्रण ओल्या रिमसाठी अनेक वर्षांपासून नावाजलेले आहे. रंगाबद्दल थोडे सांगायला हवे. सालमन म्हटले की आपल्याकडे रावसाचे नाव निघते, पण या रबराचा रंग रावसाशी मुळीच जुळत नाही. उकडलेल्या कोळंबीचा रंग म्हटले तर दुकानदाराला लवकर कळेल. हे रबर बोटाला थोडे मऊ लागते, आणि माझ्या समजुतीने त्याचा खरा गुण त्या मऊपणात आहे. रेव त्यात रुतून बसण्याऐवजी रबराच्या वरच्या थराबरोबर निघून जाते. म्हणजे झिजायचे ते पॅड झिजते, रिम नाही, आणि या दोहोंपैकी काय झिजावे हे ठरवण्याची वेळ आली तर उत्तर उघड आहे.

सालमनच्या पहिल्या पावसाळ्यानंतर मी हे पॅड काढून पुन्हा त्याच वर्तमानपत्राच्या विधीने तपासले. रबर खाचेच्या निम्म्याहून अधिक संपले होते, पृष्ठभागावर तांबूस गाळाचा पातळ लेप होता, आणि सेफ्टी पिनेला चारही पॅड मिळून धातूचा एकच कण सापडला. रिमवर नख फिरवले तर कुठेही अडकले नाही. सालमन पॅड कोरड्या रस्त्यावरही वापरता येतात, पण लिव्हरवर मिळणारी जाणीव मला शिमानोची अधिक आवडते, हा निव्वळ सवयीचा भाग असेल. कूल-स्टॉपचाच काळा इन्सर्ट कोरड्या दिवसांसाठी मिळतो, आणि दोन्ही मिश्रणे एकाच पट्टीत असलेला दुरंगी प्रकारही आहे; ज्याला वर्षातून दोनदा इन्सर्ट बदलायचे नाहीत, त्याने दुरंगी घ्यावा. शिमानोपेक्षा हे पॅड मिळवायला कष्ट पडतात. जिल्ह्यात ते दुकानात सहज दिसत नाहीत, मागवावे लागतात, आणि म्हणून मेमध्येच मागवून ठेवावेत.

स्विसस्टॉपचे निळे बीएक्सपी पॅड माझ्या सायकलवर कधी बसले नाहीत, परंतु रविवारी बरोबर येणाऱ्या एका मैत्रिणीच्या सायकलवर ते आहेत. ॲल्युमिनियमसाठीचा हा चांगला आणि महाग पर्याय आहे. पावसात तिची सायकल माझ्या सायकलच्या आसपासच थांबते, आणि तिच्या रिमही गुळगुळीत आहेत. मात्र त्याच कंपनीचे ब्लॅक प्रिन्स पॅड कार्बनचे आहेत, हे रंगाच्या घोळात विसरू नये.

कोणतेही पॅड घेतले तरी बसवण्यात चूक झाली तर पैसे वाया जातात. होल्डरची बंद बाजू पुढे, म्हणजे सायकल ज्या दिशेने जाते त्या दिशेला हवी. उघडी बाजू पुढे राहिली तर ब्रेक दाबताच फिरती रिम रबराला होल्डरबाहेर खेचते, आणि इन्सर्टला धरून ठेवायला फक्त एक इवलासा स्क्रू उरतो. पॅडची वरची कड टायरला लागता कामा नये, कारण टायरची बाजू काही किलोमीटरांत कापली जाते. फार खाली बसवला तर पॅडचा खालचा भाग रिमच्या बाहेर राहून त्याला कंगोरा येतो. चारही पॅडची पुढची कड मागच्या कडेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकेल असा किंचित कोन द्यावा. यासाठी पॅडच्या मागच्या टोकाखाली दुमडलेले व्हिजिटिंग कार्ड ठेवून ब्रेक दाबून धरायचा आणि बोल्ट आवळायचा. होल्डरच्या बोल्टवर वाटीच्या आकाराचे वॉशर असतात ते याचसाठी. असा कोन दिला नाही तर ओल्या रिमवर पॅड इतके किंचाळतात की भाट्याच्या पुलावरून जाताना मासे धरणारे वळून पाहतात.

आता मिठाचे. इन्सर्ट होल्डरमध्ये धरून ठेवणारा स्क्रू दोन मिलिमीटरच्या ॲलन कीचा असतो, आणि खाऱ्या वाऱ्यात गंजायला याहून सोयीची जागा सायकलवर दुसरी नाही. सप्टेंबरच्या शेवटी मी सालमन काढायला बसले तेव्हा चारपैकी एका स्क्रूचे षटकोनी तोंड गंजून गोल झाले होते. दोन रात्री गंज सोडवणारे तेल थेंबाथेंबाने सोडले, तिसऱ्या दिवशी छोट्या पकडीने स्क्रू निघाला. हे करण्याआधी होल्डर ब्रेकपासून पूर्ण वेगळा केला होता, कारण तेलाचा एक थेंब रिमवर गेला तर नवे पॅडही निकामी होतात. आता मी बसवतानाच स्क्रूच्या आट्यांना कणभर ग्रीस लावते आणि तोंडात मेण भरून ठेवते. मेणबत्तीचे चालते.

दर आठवड्याला रिम आणि पॅड साध्या पाण्याने धुऊन पुसणे, महिन्यातून एकदा रिमवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवणे, आणि पॅड चकाकू लागले तर घासकागदावर दोन-चार वेळा ओढून वरचा थर काढणे, एवढी देखभाल पुरते. नारळाच्या तेलाचे हात रिमला लावू नयेत. कोकणातल्या घरात हे लक्षात ठेवायला लागते.

ज्यांच्या सायकलीला डिस्क ब्रेक आहे त्यांची रिम सुटली, पण पॅडचा प्रश्न सुटत नाही. ओल्या आणि रेताड रस्त्यावर रेझिनचे पॅड धातूमिश्रित पॅडपेक्षा लवकर झिजतात. तथापि धातूचे पॅड मागवण्याआधी आपल्या चकतीवर फक्त रेझिन पॅड वापरण्याची सूचना कोरलेली नाही ना, हे पाहून घ्यावे, कारण कमी किमतीच्या अनेक चकत्या तेवढ्याच पॅडसाठी बनवलेल्या असतात.

सध्या माझ्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांवर सालमनची दुसरी जोडी आहे. मागच्या पॅडवरच्या खाचा जवळजवळ बुजल्या आहेत, पुढच्या पॅडवर अजून दीडेक मिलिमीटर उरल्या आहेत. गौरी-गणपतीच्या दिवसांत रस्त्यावर गाड्यांची गर्दी असते आणि सतत ब्रेक दाबावा लागतो, म्हणून त्याआधी मागची जोडी बदलणार आहे. नवी जोडी आणि दोन मिलिमीटरची ॲलन की सीटखालच्या पिशवीत, तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवलेली आहे.